सांगू नका ना, सर

आमच्या इंदापूरच्या शाळेत संगणक आले, तेव्हा ते शिकवायला एक बाई बारामतीहून रोज एसटीनं यायच्या. वर्गात त्या हात पाठीमागे बांधून फिरायच्या. मुलांचं काही अडलं तरी कीबोर्डला बोट लावायच्या नाहीत. "मला काय विचारताय? कासवाला विचारा," एवढंच म्हणायच्या. पडद्यावरचं कासव मुलांच्या आज्ञेप्रमाणे चालायचं आणि मागे रेघ ओढत जायचं.

मी गणित शिकवायचो. माझ्या तासाला जांभया देणारी पोरं मधली सुट्टी सोडून बाईंच्या संगणकाच्या खोलीत बसायची. मला ते बघवायचं नाही. बाई माझ्याशी अदबीनं बोलायच्या, म्हणून रागही धड धरता यायचा नाही.

एकदा मी तिथं गेलो, तर पळसदेवच्या एका मुलीचा समभुज त्रिकोण काही केल्या जुळत नव्हता. प्रत्येक कोपऱ्यावर ती कासवाला साठ अंशांनीच वळवत होती.

"अगं, साठ कसलं," मी सुरुवात केली.

"सांगू नका ना, सर," बाई हळूच म्हणाल्या. मग तिला म्हणाल्या, "तूच कासव हो बघू."

मुलगी फरशीवर चालली, थांबली, वळली आणि एकदम ओरडली, "बाई, मी आतनं न्हाय, बाहेरनं वळतीय! लय वळाय लागतंय!"

बाह्यकोनाची व्याख्या तिनं माझ्यापुढं कितीदा तरी घडाघडा म्हटली होती. आता तिच्या अगदी शेजारी मीच उभा होतो. पण ती मला वळसा घालून बाईंकडे पळाली.