कोजागिरीची आकाशगंगा

माझ्या खगोलज्ञानाबद्दल मला गेल्या कोजागिरीपर्यंत काडीचीही शंका नव्हती.

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकावर दरवर्षी पणती असते. पणती! जणू देवानं दुसरं काही घडवलंच नाही! मी भर बैठकीत नाक मुरडून जाहीर केलं, "यंदा मुखपृष्ठावर आकाशगंगा. फोटो मी काढतो." (तोवर मी फक्त वाढदिवसाच्या केकचे काढले होते, तेही हललेले.)

आम्ही राहतो त्या मारतहळ्ळीच्या आकाशात विमानांखेरीज काही दिसत नाही. म्हणून कुमट्यापुढचा एक निर्जन किनारा निवडला. "कोजागिरीला जाऊ. सुट्टी आहे, पाऊसही संपलेला असेल. मसाला दूध तिथंच!"

"अरे, पण कोजागिरीला..." बायको म्हणाली.

"मंजिरी, तुला फोटोग्राफीतलं काय कळतं?"

माझे सासरे अण्णा पिढ्यान् पिढ्या बंगळूरलगतच्या येलहंक्याचे, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं. ते म्हणाले, "जावईबापू, स्वल्प विचार करा की."

"अण्णा, हे कॅमेऱ्याचं काम आहे!"

"सरी, बरं तर," म्हणत त्यांनी दुधाचं पातेलं गाडीत ठेवलं.

दहा तास गाडी. मग ट्रायपॉड, स्टोव्ह आणि अण्णांची खुर्ची घेऊन वाळूतून अर्धा तास पायपीट. पोचताच मी हुकूम सोडला, "टॉर्च बंद! मोबाईल बंद! एवढासाही उजेड चालणार नाही!"

आणि मागच्या डोंगराआडून परातीएवढा चंद्र वर आला!

वाळू लखलखली. मंजिरीनं कोजागिरीच्या रिवाजाप्रमाणे चांदण्यात सुई ओवली, पहिल्याच खेपेला. अण्णा कन्नड पेपरातला अग्रलेख वाचू लागले. तारे सगळे गायब! मुखपृष्ठ दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं.

"जावईबापू," अण्णांनी वर बोट दाखवलं, "हा कसा बंद करायचा?"

मी मंजिरीची उन्हाची छत्री उघडून कॅमेऱ्यावर धरली. तासभर धरली! फोटोत फक्त छत्रीच्या काड्या आल्या.

शेवटी मंजिरीनं अण्णांच्या मोबाईलमधला फोटो संपादकांना पाठवून दिला: चांदण्यातला समुद्र आणि त्यापुढे छत्रीवाला एक इसम. इतकं सुंदर मुखपृष्ठ आजवर झालं नाही म्हणे!

"भर चांदण्यात छत्री? कोण हो हा गाढव?" लोक मलाच विचारतात.

"असेल तिथलाच कोणी," मी म्हणतो. पाठमोरा उभा होतो म्हणून वाचलो. त्या रात्री मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच, आणि तेही चुकून!