ड्राय बाल्कनीतली लाल बिअर

बिअर चाखायची खरी वेळ सकाळी अकराची. नाश्ता होऊन दोन-अडीच तास झालेले असतात, जेवण व्हायचं असतं आणि तोंडात कशाचीच चव रेंगाळत नसते. हे सांगितलं की लोक हसतात. पण गेली सात वर्षं मी एका मराठी संकेतस्थळासाठी टोपणनावानं बिअरची परीक्षणं लिहितेय, आणि जवळजवळ सगळ्या बाटल्या मी रविवारी सकाळीच उघडल्या आहेत.

त्याआधी मी भाईंदरला एका फरसाणाच्या कारखान्यात चव तपासायचं काम करायचे. तेल खवट व्हायला लागलंय का, मसाल्याच्या नव्या पोत्याला कुबट वास आहे का, हे यंत्राच्या आधी मला कळायचं. कारखाना गुजरातला हलला, मी घरून लिहिण्याची कामं घ्यायला लागले, आणि त्यातच हे एक आलं. इतर कामं मी पोटासाठी करते. हे मला आवडतं.

आईला मात्र मी सांगितलं होतं की मी पाककृती लिहिते.

माझे वडील हातभट्टीच्या दारूनं गेले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर आईनं आमच्या रायगडातल्या गावात आठ-दहा बायका जमवल्या आणि ओढ्याकडेच्या भट्टीवर जाऊन सगळी मडकी फोडली. तिच्या हाताला खापर लागलं होतं, त्याचा व्रण अजून आहे. पुढे ती मला घेऊन मुंबईकडे आली, एका शाळेत शिपाई म्हणून लागली, तिथूनच निवृत्त झाली. आता आम्ही दोघी मीरा रोडला अकराव्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी आंघोळ झाली की बुद्धवंदना. पंचशील आम्ही एका सुरात म्हणतो. पाचवं शील आलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, की तिचा आवाज किंचित चढतो. माझा तेवढाच उतरतो. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

पूर्वी मला आडोसा होता. घोडबंदर रोडच्या बाजूला चेण्यात माझी एक मैत्रीण राहते. तिच्या घराच्या ओटीवर बसून मी बाटली उघडायचे, टिपणं काढायचे, उरलेली ओतून टाकायचे आणि बडीशेप चघळत दुपारपर्यंत घरी यायचे. मग आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत धातूचा गोळा बसवला. डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल. वॉकर आणला. पण तिनं भीतीच घेतली. मी दोन्ही बाजूंनी धरल्याशिवाय ती पलंगावरून पाय खाली सोडेना. सोमवार ते शनिवार सांभाळायला एक मावशी यायच्या. रविवारी कुणी नाही. म्हणजे रविवारी मी घराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते, आणि माझं काम तर रविवारचंच.

स्वयंपाकघराला लागून आमची ड्राय बाल्कनी आहे. वॉशिंग मशीन, बादल्या, वर कपड्यांच्या दांड्या, बाहेर जाळी. एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला जागा नाही. चार महिने मी तिथे उभी राहून बिअर प्यायले. प्यायले असंच म्हणायला हवं, कारण वाइन चाखणारे थुंकून टाकतात, बिअर गिळावी लागते. तिचा कडवटपणा घशाशी गेल्याशिवाय कळत नाही.

त्या रविवारी आयरिश धाटणीची रेड लागर होती. पुण्याकडच्या एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीनं पहिल्यांदाच काढलेली. संपादकाला परीक्षण संध्याकाळपर्यंत हवं होतं. बाटली शनिवारी संध्याकाळी मी भाजीच्या पिशवीतून आणली आणि फ्रीजच्या तळाशी मेथीच्या जुडीत गुंडाळून ठेवली. माझं वय बेचाळीस आहे. मेथीच्या जुडीला दोरा बांधताना स्वतःचीच लाज वाटली होती, एवढं आठवतं.

आईला औषध दिलं, रेडिओ लावून दिला, बाहेरच्या दाराला आतून कडी आणि साखळी लावली. कुणी अचानक येऊ नये म्हणून. मग बाटली, एक काचेचा ग्लास आणि वही घेऊन बाल्कनीत गेले.

त्या दाराचं बाहेरच्या बाजूचं हँडल कधीचं निखळलं होतं. दार लोटलं गेलं की खटका बसतो आणि तो फक्त स्वयंपाकघरातूनच उघडतो. म्हणून आम्ही उंबऱ्यात फिनाइलचा कॅन अडकवून ठेवतो. पण फिनाइलचा वास बिअर आणि नाक यांच्या मध्ये येतो. त्या दिवशी मी तो कॅन उचलून ओट्याखाली ढकलला आणि दारात चप्पल ठेवली.

बिअर ओतली. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या हंड्याला उन्हात जो रंग येतो तो रंग. फेस मळकट पांढरा, दाट, पटकन न बसणारा. आयरिश रेडमध्ये थोडी बार्ली जवळजवळ काळी होईपर्यंत भाजून घालतात, लाली तिची. लागर म्हणजे ती थंडीत, सावकाश आंबवलेली, त्यामुळे चव स्वच्छ लागायला हवी. पहिला घोट घेतला. आधी गुळाच्या पाकाची गोडी, मग भाकरीच्या करपलेल्या कडेची चव, आणि शेवटी जीभ कोरडी करून जाणारा हलका कडवटपणा. छान होती. मी वहीत ‘छान’ लिहिलं, खोडलं, कारण छान म्हणजे काहीच नाही.

तेवढ्यात वारा आला. चप्पल सरकली आणि दार बसलं.

फोन ओट्यावर चार्जिंगला होता. दाराच्या काचेतून तो मला दिसत होता. मी दार खांद्यानं ढकललं, खटक्याच्या फटीत पेन घालून पाहिलं. पेन मोडलं. मग नुसती उभी राहिले. अकरा वाजून गेले होते, दीड वाजता आईची गोळी आणि जेवण, त्याआधी तिला बाथरूमला न्यायचं. आणि बाहेरच्या दाराला मीच साखळी घातलेली. शेजारच्यांना हाक मारली तरी ते आत येणार कसे?

समोरच्या विंगमधल्या गुजराती भाभी त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला आल्या. मी ग्लास मशीनच्या मागे सरकवला.

“क्या हुआ बहन, ऐसे क्यूं खडी हो?” त्यांनी विचारलं.

“कुछ नहीं भाभी, कपडे सुखा रही हूं,” मी म्हणाले.

माझ्या दांडीवर एकही कपडा नव्हता. त्या हसल्या आणि आत गेल्या. दुसऱ्याच क्षणी मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यांच्याकडून वॉचमनला निरोप गेला असता, सुतार आला असता, साखळी तोडली असती. पण मग चार माणसं स्वयंपाकघरात आली असती, आणि आईच्या देखत ती बाटली. मी पुन्हा “भाभी” म्हणून दोनदा हाक मारली. त्यांच्याकडे मिक्सर सुरू झाला होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाय दुखायला लागले तेव्हा बादली उपडी करून बसले. ऊन जाळीतून गुडघ्यावर आलं होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून ग्लास उचलला. बिअर कोमट झाली होती. आणि आता तिच्यात एक वास उठला होता, थंड असताना नव्हता तो. स्निग्ध, लोण्याच्या जवळपासचा, पण लोण्याचा नव्हे. लागर पुरेसे दिवस न मुरवता बाटलीत भरली की तो येतो. दोष म्हणतात त्याला. मला तो वास ओळखीचा होता, घरातला होता, आणि शब्द सापडत नव्हता. दार बंद, आई आत अडकलेली, मी बाहेर, आणि माझं डोकं शब्द शोधतंय. याचीही लाज वाटली.

शेवटी आईला हाक मारली. रेडिओ चालू होता. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला रेडिओ बंद झाला.

“काय गं?”

“आई, बाल्कनीचं दार लागलं. मी अडकलेय.”

“मला नाय उठता येणार,” ती म्हणाली.

“वॉकर पलंगाशीच आहे. घाई करू नकोस. आधी बस, मग पाय खाली सोड.”

“पडले तर?”

पडली असती तर मी काचेतून बघत राहिले असते. “नको, राहू दे,” असं म्हणणारच होते, तेवढ्यात पलंग करकरला.

मग वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज. एकदा. थांबा. पुन्हा एकदा. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत वीस पावलं असतील. मी दाराच्या काचेला कपाळ लावून ऐकत होते. मध्ये एकदा आवाज इतका वेळ थांबला की मी ओरडले, “आई?” तर ती म्हणाली, “दम खाते. बोलू नको.”

ती ओट्याशी आली तेव्हा घामानं भिजली होती. एका हातानं ओटा धरून दुसऱ्या हातानं तिनं खटका फिरवला. दार उघडलं. मी तिला धरायला पुढे झाले. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे, मशीनवरच्या बाटलीकडे बघत होती. ती लपवायची मी विसरूनच गेले होते.

मी तिला स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. ती प्यायली आणि म्हणाली, “किती वर्षं?”

“सात.”

“आणि इथं, माझ्या घरात?”

“तू पडल्यापासून.”

तिनं मान हलवली. “बूच उघडल्याचा आवाज येतो मला. दर रविवारी येतो. मग तू बडीशेप खाऊन माझ्याजवळ येतेस. तुझा बाप लवंग खायचा.”

मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

“मी पडून राहायचे कान लावून. उठून बघता येत नव्हतं. वाटायचं, पोरगीपण त्याच वाटेनं चालली, आणि माझे पाय नायत.”

चार महिने मी समजत होते की कोंडलेली मीच आहे. मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. पाककृती नाहीत, परीक्षणं आहेत. दोन-तीन घोट, बाकी बेसिनमध्ये. वही दाखवली. तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली. ती ऐकत होती, पण विश्वास ठेवत होती की नाही ते कळेना.

“आण ते,” ती म्हणाली.

मी ग्लास दिला. तिनं नाकापाशी नेला. मडकी फोडणाऱ्या बाईचं नाक ते, तपासणीलाच बसलं.

“नवसागर नाय यात, भट्टीवाले घालायचे तसा,” ती म्हणाली. पुन्हा हुंगलं. “बेरीचा वास येतो.”

तूप कढवून झालं की भांड्याच्या तळाशी जो तपकिरी गाळ राहतो, ती बेरी. तोच शब्द मी बाल्कनीत तासभर शोधत होते. पण तेव्हा आनंद वगैरे झाला नाही. तिनं ग्लास माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, “ओत.” मी ग्लास ओतला, बाटली ओतली, नळ सोडला. ती शेवटपर्यंत बघत होती.

“लिहायचं सोड म्हणत नाय मी,” ती म्हणाली. “तू काय लहान नाय. पण लपून नाय. तो लपून प्यायचा, तांदळाच्या डब्यात बाटली ठेवायचा, आणि मला माहीत असून मी गप बसले. आता टेबलाशी बसायचं, माझ्यासमोर.”

संध्याकाळी मी परीक्षण पाठवलं. थंड प्यायल्यास देखणी आणि नेटकी, कोमट होऊ दिली तर बेरीचा वास उघडा पडतो, ब्रुअरीनं आणखी दोन आठवडे मुरवली असती तर उत्तम झाली असती, असं. संपादकाचा फोन आला. “बेरी लिहिलं तर लोक स्ट्रॉबेरी समजतील,” तो म्हणाला. मी म्हटलं, तुपाची बेरी लिही, पण शब्द काढू नकोस. त्यानं शब्द ठेवला.

सुटले असं मात्र झालं नाही. पुढच्या रविवारी अकरा वाजता आई वॉकर घेऊन स्वतःच टेबलापाशी आली. मी बाटली उघडली, ती समोर बसली, हात मांडीवर. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत. प्रत्येक घोट खाली उतरताना ती बघत होती. त्या महिन्याची माझी परीक्षणं भिकार आहेत. इतकं कुणी बघत असेल तर चव लागत नाही. चेण्यातल्या ओटीची, त्या चार हात बाल्कनीचीसुद्धा मला आठवण यायला लागली.

एकदा दुसऱ्या घोटानंतर मी वहीत लिहीत होते, तेव्हा तिनं विचारलं, “आणखी प्यावीशी वाटते का? खरं सांग.”

कामापुरतं घेऊन झालं होतं. नाही म्हणणं सोपं होतं, सात वर्षं मी तेच करत आले होते.

“वाटते,” मी म्हणाले.

ती रागावली नाही. “बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली आणि वॉकर जवळ ओढला. आम्ही दोघी दार उघडून पॅसेजमध्ये गेलो, लिफ्टपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मी तिला धरलं नव्हतं, नुसती बाजूनं चालत होते.