पत्र्याची बाजू

"पुसा ते."

साहेब एवढंच म्हणाला. बोट भिंतीकडे. भिंतीवर माझ्या हाताचा पंजा उमटला होता.

आम्ही चौघी त्या भिंतीच्या सावलीला भाकरी खायला बसलो होतो. साहेब पाहुण्यांना घेऊन येताना दिसला म्हणून मी घाईने उठले. उठताना भिंतीला हात टेकला. हाताला लाल माती आणि भिंतीला कालच पांढरा रंग दिलेला.

मी फडकं शोधायला लागले. साहेब म्हणाला, "पदर आहे ना अंगावर?"

मागे उभे असलेले दोघे हसले. मी पदराने पुसलं. डाग गेला नाही, पसरला.

"आणखी घाण केली. ही काय तुमची वाडी आहे, कुठेही टेकायला? पत्र्याच्या बाजूला जाऊन बसा. आजपासून तिकडेच."

ती भिंत आम्हीच उभी केली होती. पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी डबा उचलला आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले. बाकीच्या तिघी माझ्या मागून आल्या. मी पुढे होते, हे मला विसरता येत नाही.

मी चौथी शिकले. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून हे लिहून काढते आहे, मुलीच्या जुन्या वहीत उरलेल्या पानांवर.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. गुरं आणि थोडी नाचणी. कामाला पायवाटेने खाली उतरायचं आणि टेम्पोने महाडच्या एमआयडीसीत जायचं. तिथल्या एका रसायनाच्या कंपनीत गोदाम बांधायचं होतं. आत पेट घेणाऱ्या रसायनाची पिंपं राहणार होती. स्फोट झाला तरी पडू नये असं गोदाम. ठेकेदाराने वाडीतल्या आम्हा चार बायकांना घेतलं.

तशा भिंती मी कधी पाहिल्या नव्हत्या. दीड हात जाड काँक्रीट. आत सळ्यांच्या दोन जाळ्या, त्याही एकमेकींना आकड्यांनी बांधलेल्या. काँक्रीट ओतायला लावलेल्या फळ्या काढल्यावर भिंतींना गोणपाट लावून पाणी मारायचं काम माझं होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गोणपाट वाळू दिलं नाही मी.

भिंती तीनच. चौथी बाजू पातळ पत्र्याची.

सगुणा म्हणायची, "कंपनीचं पैसं सपलं वाटतं गो."

सगुणा माझी शेजारीण. आमचा उंबऱ्याला उंबरा लागून. एकाच वर्षी आम्ही वाडीत नांदायला आलो. ती बोलकी, मी मुकी. माझ्या वाटचंही तीच बोलायची.

तर त्या दिवशी आम्ही पत्र्याच्या बाजूला बसलो. थोड्या वेळाने साहेब पाहुण्यांना घेऊन तिकडे आला. आम्ही बारा पावलांवर होतो. तो त्यांना सांगत होता, आणि मी ऐकत होते.

"ही बाजू मुद्दाम कच्ची ठेवली आहे. आत काही झालं तर पत्रे उडतील आणि दाब इथून बाहेर पडेल. भिंती शाबूत. ऑफिस शाबूत."

एका पाहुण्याने विचारलं, "आणि या बाजूला?"

"या बाजूला कोणी नसतं. मोकळं रान आहे."

आमच्या हातात भाकरी होती. सगुणा सुकटीची चटणी वाटत होती.

बाकीच्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं, आणि मला ते लगेच कळलं. माझा बाप गोठ्याची एक बाजू कधी पक्की करायचा नाही. तीन बाजूंना दगड, एका बाजूला कारवीचा कूड. आग लागली तर गुरांनी शिंगाने कूड मोडून बाहेर पडावं म्हणून. त्या कुडाच्या बाहेर तो आम्हाला खेळू देत नसे. "गुरं सुटली की तुडवतील," म्हणायचा. आम्ही डोंगरातली माणसं. तळीये गावावर दरड आली तेव्हापासून माझी सासू डोंगराच्या अंगाला अंथरूण टाकत नाही. धोका कुठून येईल ते बघून बसायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

मी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून मी नळाकडे जाऊन जेवायला लागले. जाड भिंतीच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी. एकटी.

सगुणाने टोमणा मारला, "काय गो, आमची सुकट वास मारते व्हय? मोठी मॅडम झालीस ती."

मी म्हटलं, "ऊन लागतं तिथं."

सांगितलं असतं तर ती गप्प बसली नसती. तशीच उठून साहेबाकडे गेली असती आणि मला हाताला धरून पुढे केलं असतं, "हिनं ऐकलंय." मग मला पुन्हा त्या माणसासमोर उभं राहावं लागलं असतं. तोच पदर अंगावर घेऊन. ते मला नको होतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही. खूप शोधलं, सापडलं नाही.

गोदाम झालं. पिंपं आली. आम्हाला त्याच आवारात गवत काढायला, झाडायला ठेवलं. जेवायची जागा तीच. मी रोज नळाकडे, त्या तिघी पत्र्याकडे. रोज वाटायचं, आज सांगू. मग भाकरी संपायची आणि आम्ही विळे उचलायचो.

एका दुपारी आवाज झाला. पायाखालची जमीन हलली. मी ज्या भिंतीला टेकून बसले होते ती भिंत हलली नाही. पाठीला नुसता धक्का बसला, कोणी हात ठेवावा तसा. मी धावत पलीकडे गेले. पत्रे दूर रानात जाऊन पडले होते. दोघी भाजल्या होत्या. सगुणाच्या डाव्या पायावरून पत्रा गेला होता.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

भिंतींना साधी चीर गेली नाही. बघायला आलेले सगळे मान डोलावत होते. म्हणाले, काम चोख झालंय.

तीन आठवड्यांनी साहेबाने मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. "बसा ताई." पहिल्यांदा ताई म्हणाला. समोर कागद ठेवला. मला वाचता येतं, हे त्याला माहीत नव्हतं. मी सावकाश वाचला. पत्र्याच्या बाजूला बसू नये अशी सूचना कामगार बायकांना दिली होती, आणि त्या न ऐकता तिथे बसल्या. खाली माझ्या सहीची जागा.

"आमाला कोणी सांगितलं नाय," मी म्हटलं. आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"मग तुम्ही तिकडे का बसत नव्हता?" तो शांतपणे म्हणाला. "सूचना मिळाली होती म्हणूनच ना?"

मी बचावले, म्हणून त्याचा कागद खरा ठरत होता. माझं गप्प बसणं त्याच्या कामाला येत होतं. सही केली की सगुणा तिच्याच चुकीने लंगडी झाली, असं कायमचं ठरणार होतं.

मी पेन खाली ठेवलं.

"तुमी पावण्यांना सांगत व्हता. मी ऐकलं. आमाला तिथं तुमीच बसवलंत."

त्याचा चेहरा बदलला. ताई गेलं. "ऐकलंस ना? मग त्या बायकांना का नाही सांगितलंस?"

त्याला मला गप्प करायचं होतं. पण प्रश्न खरा होता. मी उठले. उठताना त्याच्या पांढऱ्या टेबलावर पूर्ण पंजा टेकून उठले. सही केली नाही.

वाडीत आल्यावर घरी न जाता सगुणाकडे गेले. ती ओटीवर बसली होती, पायावर गोधडी. मी सगळं सांगितलं. पाहुणे, कच्ची बाजू, गोठा, नळ. सगुणा बोलत नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग म्हणाली, "ऊन लागतं म्हनालीस."

"व्हय."

"मी तुज्यासाठी सुकट बाजूला ठेवायची रोज."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "हितं नको रडू. सोमवारी सरकारी साहेब येनार हाय चौकशीला. तिथं सांग. मला सांगून माजा पाय येनार हाय काय?" आणि तोंड फिरवलं. अजून ती माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मी म्हणणारही नाही.

उद्या सोमवार. कंपनीचा साहेबही तिथेच असणार. सगुणाला खुर्चीवर बसवून माणसं खाली नेणार आहेत, तीही असणार. कंपनी मला कामावरून काढेल. वाडी मला नावं ठेवेल, ती ठेवायलाच हवीत.

जीभ चिकटली तर ही वही वाचून दाखवीन. पण दोन वाक्यं पाठ केली आहेत. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. आम्हाला त्या जागी या माणसाने बसवलं.

याच क्रमाने बोलणार. आधी माझं. मग त्याचं. दुसरं बोलल्याशिवाय तिथून हलणार नाही.