ढग होता का डोंगर

मुमताज गेल्याचं रशीदनं, तिच्या धाकट्या भावानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी "कधी? पुण्याला?" असंच विचारून बसले. तो म्हणाला, "सुशीलाताई, आपा गेली..." याला आता काही आठवडे झाले, तरी ती पुण्याला गेलीय असंच मला मधूनच वाटतं.

कोल्हापूरच्या कॉलेजात आम्ही दोघी गणिताला होतो. मी जयसिंगपूरहून यायचे. पुढं मी शिकवायला लागले आणि ती पुण्यात हवामानाच्या कामाला लागली. रडारला पाऊस दिसतच नाही, हे मला तिनंच सांगितलं. "नुसता प्रतिध्वनी येतोय गं. तो किती जोरात आला त्यावरनं पाऊस किती, ते आम्ही काढायचं." रडारच्या पडद्याचे फोटो चौकटी आखून आकड्यांत उतरवायचे, आकडे कार्डांवर छिद्रं पाडून संगणकाला द्यायचे आणि त्यातून कुणीच न मोजलेला पाऊस काढायचा, असा प्रोग्राम ती लिहीत होती. पहिल्यांदा भर उन्हाळ्यात घाटमाथ्यावर धो धो पाऊस निघाला. खरं तर प्रतिध्वनी डोंगराचा होता. मग तिनं प्रोग्रामला शिकवलं, एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जे जागचं हलत नाही तो डोंगर, तो सोडून द्यायचा.

त्याच पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. शिरोळला तिच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घराची भिंत पडली, म्हैस दावणीलाच मेली. आम्ही दोघी चिखल उपसायला गेलो. पाटी उचलताना खाला सहज म्हणाली, "व्हय गं, तुझ्या मशीनला एवढा पाऊस दिसला न्हाय?"

पुण्याला जाऊन मुमताजनं त्या दिवसांचे आकडे घातले, तर घाटमाथ्यावर पाऊस जवळजवळ नाहीच! ढग घाटाला धरून उभा राहिला असेल आणि प्रोग्रामनं त्याला डोंगर समजून टाकून दिलं असेल... किंवा पाऊस दुसरीकडंच पडला असेल. मी तिला समजावलं, की प्रोग्राम अजून प्रयोगातच होता, त्यावरून कुणी शिरोळला सांगावा धाडणार नव्हतं. "ते कळतंय की मला. पण तो ढग होता का डोंगर, एवढं तरी कळाय नको?"

पुढं तिनं वाट काढली. रडारची मान थोडी उचलून घेतलेला फोटो शेजारी ठेवायचा. डोंगर खालीच राहतो, ढग वरही दिसतो. ही रीत चालली, तिचं कौतुक झालं. पण पुराच्या दिवसांत असे वरचे फोटो कुणी काढलेच नव्हते. खालानं भिंत बांधली, नवी म्हैस घेतली, बोललेलं विसरूनही गेली. शेवटच्या आजारपणात कोल्हापूरला रशीदकडं आलेली मुमताज मात्र मला विचारायची, "सुशे, तुला काय वाटतं?" मी कधी ढग म्हणायचे, कधी डोंगर. तिला कुठलं उत्तर हवं होतं, ते मला आजही उमगलेलं नाही.

परवा रशीदनं मला त्याच्या घराच्या गच्चीवर नेलं. तिची वेताची खुर्ची अजून पश्चिमेकडं तोंड करून आहे. मी तिच्यात बसले. जोतिबाच्या बाजूला काहीतरी काळं थांबलं होतं. रशीद चहा ठेवून गेला, चहावर साय धरली... मी बघतच राहिले. ते हलत होतं का नव्हतं, मला सांगता येईना.