राखीव ड्यूटी

बस डेपोतल्या चालकांनी तिचं नाव 'टाइमटेबल' ठेवलं होतं. तोंडावर मात्र सगळे ताई म्हणत. एकशे चाळीस माणसांचा ड्यूटी तक्ता ती नऊ वर्षं लावत होती. कुणाचं दुखणं खरं आणि कुणाचं फक्त सोमवारचं, हे तिला रजेचा अर्ज उघडायच्या आधीच कळायचं. आख्ख्या डेपोची वेळ तिच्या हातात होती. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाची तारीख तेवढी घरच्यांनी परस्पर ठरवून टाकली होती.

पहिली मुलगी सिझेरियननं झाली, म्हणजे दुसरं मूलही तसंच होणार, यात कुणाला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. नवऱ्याला सतरा तारीख बरी पडत होती, पुढे शनिवार-रविवार जोडून होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पंचवीसला, तेव्हा त्याआधी हे उरकलेलं बरं. नणंदेनं तर तिकीटही काढलं होतं.

"या वेळी साधं बाळंतपण जमतंय का बघायचंय मला," ती एकदा जेवताना म्हणाली.

"मागच्या खेपेला दोन तास कळा सोसवल्या नाहीत तुला," सासूबाई म्हणाल्या. "आता काय, कळा सोप्या झाल्यात?"

ही दोन तासांची गोष्ट चार वर्षं घरात मुक्कामाला होती. आल्यागेल्याला चहाबरोबर मिळायची. तिला स्वतःला त्या दिवसाचं धड काही आठवत नव्हतं, त्यामुळे भांडायला पुरावा नव्हता. हळूहळू तिलाही वाटायला लागलं होतं, असतीलही बाई दोनच.

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं नाही. "जमू शकतं. पण मागच्या ऑपरेशनचा कागद आणा. पोटावरची खूण आडवी आहे, आत गर्भाशयावर छेद कसा घेतला ते वरून कळत नाही. उभा असला तर मी कळांची जोखीम घेणार नाही. सोमवारपर्यंत कागद आला नाही, तर सतरा तारीख पक्की."

जुनं हॉस्पिटल बंद पडून तिथे आता फरश्यांचं दुकान होतं. कागद असला तर घरातच. आणि घरातले कागद हा नवऱ्याचा प्रांत. त्याच्या अकरा फायली होत्या, इस्त्रीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक वस्तूची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात. 'हॉस्पिटल' नावाच्या फायलीत त्याच्या दाढेचे तीन एक्स-रे निघाले, बाकी काही नाही.

"मी एकही कागद टाकत नाही," तो म्हणाला. त्यातही थोडा अभिमान होताच.

शनिवार गेला. रविवारी दुपारी तिनं डेपोतली रीत वापरली. एखादी गाडी सापडेना तर ती कुठे आहे असं विचारायचं नाही, शेवटची कधी दिसली ते विचारायचं.

"मुलगी झाली त्या आठवड्यात घरात आणखी काय आलं?"

"वॉशिंग मशीन," तो लगेच म्हणाला.

वॉशिंग मशीनच्या गॅरंटी कार्डामागे तिचं पोट घडी घालून ठेवलेलं होतं.

"तारखेप्रमाणे लावलंय. चुकलं काय त्यात?"

"काही नाही. गॅरंटी संपली म्हणून टाकून दिलं नाहीस, हेच उपकार."

सोमवारी सासूबाईही बरोबर आल्या, सतरा तारीख पक्की करायला. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मोठ्यानंच. "छेद खालचा, आडवा. छान. अकरा तास कळा, मग बाळाचे ठोके घसरले म्हणून ऑपरेशन."



"अकरा?" सासूबाई म्हणाल्या. "मला तर दोनच वाटले."

"बाहेर बाकावर डोळा लागला असेल तुमचा," ती म्हणाली.

सासूबाईंनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "मग होऊ दे की साधंच. आमच्याकडे सगळ्यांची साधीच झालीत."

क्षणभर तिला सतरा तारीख मागून घ्यावीशी वाटली, केवळ त्या वाक्यासाठी. चार वर्षांचा खटला अर्ध्या मिनिटात निकालात निघाला होता आणि आता हरवायला समोर कुणीच नव्हतं.

"घरच्यांचं राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय हवंय? कळांची वाट बघितली तर जुनी खूण उसवण्याची भीती असते, दोनशेत एखादीला. आणि कदाचित अर्ध्यावरून ऑपरेशनला न्यावं लागेल. नुसतं ऑपरेशनही बिनधोक नसतं."

सिझेरियननंतर सहा आठवडे काही जड उचलायचं नाही, हे तिला चांगलं आठवत होतं. आणि घरी चार वर्षांची मुलगी अजून झोपेतून उठली की हात वर करून उभी राहायची. एवढंच कारण होतं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

"वाट बघू," ती म्हणाली. "ऑपरेशनची राखीव गाडी यार्डात तयार ठेवा."

संध्याकाळी नवरा रजेचा अर्ज घेऊन बसला. "अगं, मग तारीख काय घालू?"

"तारीख नाही. दहा तारखेपासून तू राखीव."

"म्हणजे नक्की करायचं काय?"

"बूट घालून बसायचं."

"आणि मी?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीपण. फक्त या वेळी जागं राहायचं."