पोरगी, पिकअप अन् गोटा: पांढुर्णा ते सौंसर

पोरगी अन् पिकअप एकाच आठवड्यात आमच्या घरी आल्या. पोरगी पांढुर्ण्याच्या दवाखान्यातून आली, पिकअप नागपूरहून. दोघींच्याही कपाळाले माह्या सासूनं कुकू लावलं. तिले आम्ही सगळे माय म्हणतो. पोरगी चांगली निघाली. पिकअप नाही निघाली.

शहाऐंशी-सत्याऐंशीचं साल असन. डिझेलच्या अशा छोट्या गाड्या तवा नव्यानंच आल्या होत्या. आमच्या घरचे तिच्यात संत्रा भरून बाजारात नेत. चालता चालता गाडी हुंदके दे अन् मधातच बंद पडे. मंग हे बोनट उघडत, हातानं पंप मारत अन् म्हणत, "एअर घेऊन राहिली," म्हंजे डिझेलात हवा शिरली. सकाळी तं धक्क्याशिवाय चालूच होत नसे. आमच्या दारात सपाट जागा, म्हणून गाडी शाळेजवळच्या उतारावर उभी राहे, तोंड खाली करून. पाहुणे विचारत, गाडी घेतली म्हणे, आहे कुठं?

माय म्हणे, "पोरगी आली त्या दिवसापासून गाडीले ग्रहण लागलं. पायगुण असते बाई." पहिले घरात म्हणे, मंग नळावर म्हणाले लागली. नळावरचं बोलणं पुऱ्या गावात जाते. मले गाडीचा भेव वाटे, पण याचा जास्त वाटे. हे पोरीले चिकटलं तं उद्या तिच्या लग्नातही कोणी काढन.

असे सात-आठ महिने गेले अन् एक दिवस नागपूरच्या एजन्सीचा माणूस आला. म्हणाला का त्या खेपेच्या गाड्यांची डिझेलची नळी खराब निघाली, शनिवारी सौंसरले कंपनीचे मिस्त्री येऊन राहिले, फुकटात बदलून देतीन. हे खूश झाले. मायनं सांगितलं, "आधी जामसांवली. पोरीले अन् गाडीले मारुतीच्या पाया घाला, मंग नळी." माहं माहेर सौंसरच्या पुढं बोरगावले. रात्री तिथं राहू म्हणलं. असं जायचं ठरलं.

शनिवारी सकाळी निघालो. भाकरी, वांग्याची भाजी अन् ठेचा बांधून घेतला होता. तवा त्या रस्त्यावर चहाशिवाय काही भेटत नसे, अन् लहान पोर असलं तं पाणी घरचंच बरं. पुढच्या सीटवर हे, मधात माय, खिडकीजवळ मी. मांडीवर पोरगी अन् पायाजवळ गोटा. चढावर गाडी बंद पडली का उडी मारून चाकामागं गोटा लावणं हे माहं काम. माय गाडीत पोरीले हात लावत नसे. म्हणून एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात गोटा.

रस्ता चांगला दिसे. दोन्हीकडं कपाशी, मधात संत्र्याचे बगीचे, झाडं वजनानं वाकलेले, बांबूचे टेके लावलेले. पोरगी खिडकीतून हात काढून हसून राहिली होती. मलेही बरं वाटाले लागलं, अन् तेवढ्यात चढ आला. गाडी हुंदकली, थांबली अन् मागं सरकाले लागली.

"गोटा!" हे ओरडले.

मी पोरीले छातीशी दाबून उतरली. दुसऱ्या हातानं गोटा लावला, अन् चाक त्याच्यावर टेकलं. माय सीटवरूनच बोलली, "निघतानी पोरगी रडली, तवाच मले समजलं."

"ते भुकेनं रडली, माय," हे म्हणाले.

"तू पंप मार."

जामसांवलीचा मारुती झोपलेला आहे. उभा पाहाची सवय असते, म्हणून पहिल्यांदा पाहतानी माणूस चपापते. शनिवारी गर्दी असते, शांततेनं दर्शन पाहिजे असन तं दुसऱ्या वारी जा. नारळ, फूल, शेंदूर सगळं बाहेरच भेटते. मी पोरीले पायाजवळ ठेवलं अन् एवढंच मागितलं का देवा, हिच्या पायावरचं हे काढ.

मंग गाडीची पूजा. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. लिंबू चिरडाले गाडी पुढं जा लागते, अन् गाडी चालूच होईना. शेवटी दर्शनाले आलेल्या लोकायनं धक्का मारून लिंबावरून नेली. एक जण घाम पुसत म्हणाला, "काहो भाऊ, देवाले गाडी दाखवाले आणली का विकाले?"

सौंसरले रस्त्याच्या कडंनं एक उताराचं मैदान होतं. तिथं पोहोचलो अन् मी पाहतच राहिली. आमच्यासारख्याच पिकअप, ओळीनं उभ्या. सगळ्याईचे तोंड उताराकडं. अन् दर गाडीच्या चाकाले एक गोटा.

आमच्या घरच्यायचे पाय जमिनीवर राहेनात. याच्या त्याच्या गाडीजवळ जात, "तुमचीही एअर घेते काय?" विचारत अन् हसत. माय मात्र गुपचूप ओळीतून चालाले लागली. मी पोरीले घेऊन मागं मागं.

धोतरवाला एक म्हातारा गाडीच्या सावलीत बसला होता. मायनं त्याले विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी एवढ्यात पोरगी झाली काय?"

"पोराचं लग्नच नाही झालं अजून, बाई. पाहून राहिलो. आहे काय कोणाची पोरगी?"

पुढच्या गाडीजवळ एक बाई शिदोरी सोडून राहिली होती. तिलेही तेच विचारलं.

"पोरगा झाला," ते म्हणाली. "अन् गाडी त्याच्या बारशाच्याच दिवशी बंद पडली. पाहुणे आम्ही बैलबंडीनं आणले."

माय तिथून मिस्त्र्याजवळ गेली. तो हिंदीवाला होता, आमच्या गाडीखालून जुनी नळी काढून राहिला होता. म्हणाला, "अम्मा, पूरा माल ही ऐसा आया था."

मायनं आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर मिस्त्र्याले देली.

बोरगावले माह्या भावाच्या दारात सपाट जागा होती. इतवारी सकाळी गाडी तिथून एका चावीत चालू झाली. हे दोनदा बंद करून चालू करून पाहत होते. वापस येतानी तोच चढ लागला. मी गोट्यावर हात ठेवून बसली, अन् गाडी सरळ चढून गेली. वर गेल्यावर माय म्हणाली, "दे इकडं तिले. तुहे हात दुखले असतीन." पोरगी तिच्या मांडीवर लगेच झोपली.

पांढुर्णा दिसाले लागलं अन् फट् आवाज झाला. गाडी एका बाजूले बसली. हे उतरले. मी मायच्या तोंडाकडं पाहून राहिली होती, आता काय म्हणते म्हणून. ते पोरीले खांद्यावर घेऊन खाली उतरली, वाकून चाक पाहिलं.

"खिळा आहे," ते म्हणाली. "बैलाच्या नालेचा. नाल निसटली असन कोणाची."

त्या प्रवासाचं आता विचारलं तं देवळापेक्षा मले ते गाड्याईची ओळ जास्त दिसते. गाडी पुढं कित्येक वर्षं चालली, मंग विकली. गोटा अजून मागच्या दारी आहे, त्याच्यावर कपडे धुतो.

अन् नळावरचं सांगते. आल्यावर दोन-चार दिवसांनी शेजारीण हळूच म्हणाली, "काहो, पोरीच्या पायगुणानं गाडी..." माय घागर भरून राहिली होती. तिनं मानही वर केली नाही.

"त्या खेपेच्या साऱ्याच गाड्या तशा होत्या, बाई. पोरगी तं एकट्या आमच्याच घरी आली."