बाबांच्या गालावरची धमनी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी चेहऱ्यावर फिलरची इंजेक्शनं द्यायला शिकत होते. नांदेडहून त्वचारोगाचं शिक्षण संपवून नुकतीच घरी आले होते. गालावरच्या घड्या भरायच्या. आई त्याला ‘खड्डे बुजवणं’ म्हणायची.

एकदा शिकवणाऱ्या मॅडमच्या हातून फिलर रक्तवाहिनीत गेलं. पेशंट बाईंच्या नाकाशेजारची कातडी पांढरीफटक पडली. मॅडमनी लगेच ते विरघळवणारं इंजेक्शन दिलं, रंग परत आला. 

“कधी डोळासुद्धा जातो,” मॅडम म्हणाल्या. “सुई नंतर. आधी धमनी कुठून जाते ते पाठ कर.”

पाठ करायला चेहरा हवा. आमच्या घरात दुपारी दोन तास न हलणारा चेहरा एकच, बाबांचा. निवृत्त मुख्याध्यापक, जेवले की पंख्याखाली आडवे. मी पुस्तक उघडलं अन् लाल स्केचपेननं जबड्याच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याशेजारून, नाकाच्या कडेनं डोळ्यापर्यंत नागमोडी धमनी काढली. शिरा निळ्या. बाबांनी माशी समजून एकदा हात झटकला अन् पुन्हा घोरू लागले.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. मी तोंड उघडेपर्यंत बाबा दोन घागरी घेऊन फाटकाबाहेर!

रांगेतले सगळे वळून बघू लागले. मग शेजारचे काका म्हणाले, “गुरुजी, नव्या जिल्ह्याचा नकाशा मंजूर झाला का काय?”

लातूर तोडून उदगीर वेगळा जिल्हा होणार, ही आवई तेव्हा रोज उठायची. एक बाई जवळ येऊन न्याहाळत म्हणाली, “आमचा जळकोट तालुका कुठल्या गालात हाय?”

बाबांना काहीच उमगलं नाही. ते गंभीरपणे म्हणाले, “अजून कागद आला न्हाई.”

घरी आरसा बघितल्यावर मात्र आवाज चढला. “तोंड धुवायला पाणी द्या!”

“प्यायला न्हाई अन् तोंड कुठलं धुताव?” आईनं कोरडं फडकं दिलं. पुसल्यावर सगळा जिल्हा जांभळा झाला.

रागावतील वाटलं होतं. पण कारण ऐकल्यावर बाबांमधला मास्तर जागा झाला. “धर इथं बोट. पुस्तकात काय बी असू दे, माझ्या तोंडावर कुठं हाय ते बघ.”

बोट ठेवलं. ठोका माझ्या रेघेपासून चांगला बोटभर मागं होता. दुसऱ्या गालावर त्याहून वेगळा. मग मला चटकच लागली. टँकरची वाट बघणाऱ्या अख्ख्या गल्लीचे जबडे मी चाचपले.

माझी पहिली पेशंट निलंग्याची एक बँकेतली बाई होती. जिथं टोचायचं ठरवलं, नेमका तिथंच ठोका लागला. मी जागा बदलली, बोथट टोकाची सुई घेतली, थेंब थेंब औषध सोडत कातडीचा रंग बघत राहिले. गाल गुलाबीच राहिला.

बाईंनी आरशात दोन्ही गाल फिरवून पाहिले. “छान झालं की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही इतका वेळ नाडी बघत राहिलाव, मला वाटलं आता काढाच देताव.”